एकुलत्या लेकीचा ताप

‘ताई, मला एकच मुलगी, पावणेपाच वर्षांची. दीड वर्षाची असताना एका रात्री तापात तिला झटका आला. डोळे फिरवले, ओठ निळे पडले. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत ती हातची गेली असंच मला वाटत होतं. अडीच वर्षांची असताना पुन्हा एकदा झटका आला. दोन्ही वेळा दोनेक मिनिटांत थांबला. डॉक्टर म्हणाले, तापातला साधा झटका आहे, घाबरू नका. त्यानंतर आजवर आलेला नाही. पण मी अजून रात्री दोनचा गजर लावून तिचा ताप बघते. घरात तीन थर्मामीटर आहेत, शिवाय बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. नोकरी सोडली. शिंक आली की शाळा बंद. पावसात जाणं, आइस्क्रीम, पोहणं सगळं बंद. मिस्टर म्हणतात, तू अती करतेस. आणि स्वतः ऑफिसातून दिवसातून चारदा फोन करून विचारतात, अंग गरम नाही ना? सासूबाई म्हणतात, एकावर भिस्त ठेवू नये, दुसरं होऊ दे म्हणजे जीव असा टांगणीला लागणार नाही. गेल्या आठवड्यात शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. सगळी मुलं मैदानात पळतात आणि ही पायरीवर बसून राहते. विचारलं तर म्हणाली, “मला ताप येईल.” माझं चुकतंय का? की एकुलत्या एका मुलीच्या आईनं एवढं जपायलाच हवं? पुढच्या महिन्यात शाळेची सहल आहे. पाठवू का?’
– एक आई, डोंबिवली

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला तारीख आहे. पाठवा. त्या दिवशी तिला ताप नसेल, ती नेहमीसारखी खातपीत असेल तर पाठवा. नाक वाहतंय एवढ्यावरून रद्द करू नका. बाईंना कागदावर लिहून द्या: पूर्वी तापात दोनदा झटका आलाय, पुन्हा आलाच तर काय करायचं, आणि तुम्हा दोघांचे फोन नंबर. काय करायचं ते पुढे सांगते. तुम्ही मात्र सहलीच्या बसमागे रिक्षा करून जाऊ नका. हसू नका, जाणारे पालक असतात.

आता त्या रात्रीबद्दल. डॉक्टर ‘साधा झटका’ म्हणाले. त्यांच्या हिशेबात तो साधाच, कारण ते असे झटके वर्षभर बघतात. तुमच्या मांडीवर मात्र तुमचं मूल निळं पडलं होतं. पहिल्यांदा हे पाहणाऱ्या बहुतेक आईवडिलांना मूल गेलं असंच वाटतं. मूल दहा मिनिटांत रडत उठतं, तासाभरात बिस्किट मागतं. आई त्या दोन मिनिटांतून बाहेर यायला कितीतरी जास्त वेळ घेते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्षही नसतं, कारण पेशंट ती नसते. तुमचं पत्र वाचून वाटलं, लेक कधीच बरी झाली. त्या रिक्षात अजून तुम्ही एकट्याच बसलेल्या आहात.

हे तुमच्या एकटीचं नाही. मॉरिस ग्रीन आणि अल्बर्ट सोल्नित या दोन अमेरिकन डॉक्टरांनी 1964 मध्ये अशा घरांबद्दल लिहून ठेवलं आहे. मूल एकदा जिवावरच्या दुखण्यातून उठतं, किंवा निदान आईवडिलांना तसं वाटलेलं असतं. पुढे ते ठणठणीत होतं, तरी घर त्याला ‘कधीही जाऊ शकेल’ अशा नजरेनं बघत राहतं. मग ते मूल आईला सोडत नाही, नीट झोपत नाही, पोट दुखतं, डोकं दुखतं म्हणतं, शाळेत मागे पडतं. आजारापेक्षा त्या नजरेचा त्रास जास्त, असा त्यांचा रोख होता. पायरीवर बसलेली तुमची लेक तेच सांगते आहे. तिला काही होत नाहीये. तुमच्या चेहऱ्यावर जे लिहिलंय ते ती वाचते आहे.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे पुढच्या गोष्टी तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी पुन्हा बोलून घ्या. पण त्या तुम्हाला कुणी शांतपणे बसवून सांगितल्या नसाव्यात असा मला संशय आहे. तापातले झटके साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयात येतात. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना कधी ना कधी येतात, म्हणजे पन्नास मुलांच्या बालवाडीच्या वर्गात असं एखाददुसरं मूल निघायचंच. एकदा आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना पुन्हा येतो. पहिला झटका दीड वर्षाच्या आत आला असेल तर शक्यता थोडी जास्त. तुमच्या लेकीला दुसऱ्यांदा आला तो याच हिशेबातला. साध्या झटक्यानं, म्हणजे सर्वांगाला आलेल्या, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेल्या आणि दिवसभरात एकदाच आलेल्या झटक्यानं, मेंदूला इजा होत नाही, बुद्धी कमी होत नाही. पुढे मिरगी होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त असते. आणि तुमची लेक आता पाच वर्षांची होत आली, म्हणजे या वयातून बाहेरच पडते आहे. तुमची पहारेदारी मात्र ती दीड वर्षाची असल्यासारखी चालू आहे.

त्यातही रात्री दोनच्या गजराबद्दल ऐका. हा झटका बहुतेक वेळा तापाच्या पहिल्याच दिवशी, कधीकधी तर ताप आहे हे घरात कळायच्या आतच येतो. तापाचं औषध वेळेवर पाजल्यानंही तो टळतो असं बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. म्हणजे दोन वाजता थर्मामीटर लावून तुम्ही ज्याला अडवू पाहता, ते त्यानं अडत नाही. इतकी वर्षं झटका आला नाही तो गजरामुळे नव्हे. हे ऐकून तुम्हाला हायसं वाटण्याऐवजी आधी भीतीच वाटेल, हे मला माहीत आहे. आपल्या हातात काही नाही असं वाटतं. पण हातात आहे ते दुसरंच काहीतरी आहे.

झटका आलाच तर मुलाला जमिनीवर किंवा सपाट जागी कुशीवर वळवा. कपडे सैल करा, आसपासच्या टोकदार वस्तू दूर सारा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, मुठीत किल्ली देणं यानं काही होत नाही; मिनिटभर आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, एवढंच. पाच मिनिटांत थांबला नाही, तर 108 ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा घरी ठेवावा का, कधी वापरावा, हे डॉक्टरांना विचारा. बरेच डॉक्टर तो लिहून देतात आणि एक शाळेत ठेवायलाही सांगतात. थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच. हे सगळं तुमच्या मिस्टरांना, सासूबाईंना आणि शाळेतल्या बाईंना पाठ असू दे. जे चार जणांना येतं त्याचा भार एकटीला वाहावा लागत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. एकुलती एक आहे म्हणून जास्त जपायला हवं का?

विषाणूला घरात किती मुलं आहेत याच्याशी काही देणंघेणं नसतं. ताप तेवढाच, खोकला तेवढाच. फरक पडतो तो आईबापांना, आणि माझ्या मते तो प्रेमाच्या कमीजास्तपणाचा नसून सवयीचा असतो. दोन मुलांच्या आईला पहिल्याच्या वेळी तीच धास्ती असते. पहिल्याला शंभर ताप आला की ती पळत दवाखान्यात जाते. दुसऱ्याच्या वेळी तोच ताप असतो, पण तिला माहीत असतं की तिसऱ्या दिवशी उतरेल, मग आठवडाभर नाक वाहील, खोकला पंधरा दिवस रेंगाळेल, आणि त्याच दरम्यान पोरगं सोफ्यावरून उड्या मारू लागेल. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. दुसऱ्या मुलानं शिकवलेलं असतं. एका मुलाच्या आईला हा दुसरा वर्ग भरतच नाही. तिच्यासाठी प्रत्येक दुखणं पहिलंच. वर घरातल्या चार-सहा मोठ्या माणसांचे डोळे त्या एकाच कपाळावर. ताप मोजायला हात जास्त, आणि ‘अगं, होतं असं’ म्हणणारा आवाज एकही नाही.

म्हणून तुम्हाला तो अनुभव उसना घ्यायला हवा. तुमच्या इमारतीत तीन मुलं वाढवलेली एखादी काकू असेल, बहीण किंवा वहिनी असेल. लेकीला सर्दी झाली की मोबाइलवर शोधण्याआधी तिच्याशी बोला. मोबाइल तुम्हाला सगळ्यात दुर्मीळ आजार आधी दाखवतो. काकू सगळ्यात नेहमीचा आधी सांगते. बालरोगतज्ज्ञ एकच ठेवा. दोन डॉक्टरांकडे जाणारी आई दोघांच्या उत्तरांतल्या फटीत रात्रभर जागी राहते. आणि एक वही करा. प्रत्येक आजारपणाची एकच ओळ: कधी सुरू झालं, किती दिवस टिकलं, कसं बरं झालं. दर दोन तासांचा ताप त्यात लिहायचा नाही. तसं केलंत तर वही तुमच्या भीतीची चाकर होईल. वर्षभरानं ती वाचा. शाळेत जाणाऱ्या लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-ताप होणं नेहमीचं आहे. बालवाडीच्या पहिल्या वर्षात याहून जास्तही. तुमची लेक तर अर्धा वेळ शाळेतच गेलेली नाही, त्यामुळे ती नियमित जायला लागली की सुरुवातीला आजारपणं वाढल्यासारखी वाटतील. तेव्हा ‘बघा, पाठवलं म्हणून झालं’ असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

थर्मामीटरांपैकी दोन कुणाला तरी देऊन टाका. ऑक्सिमीटरची बॅटरी काढून ठेवा. लहान मुलाच्या हलत्या बोटावर तो काहीही आकडे दाखवतो. आपल्याकडे 99 दिसलं की ‘कसर आहे’ म्हणून मूल दिवसभर पांघरुणात असतं. डॉक्टर ताप मानतात तो 100.4 फॅरनहाइटपासून. तापाची ही भीती इतकी सार्वत्रिक आहे की बार्टन श्मिट या बालरोगतज्ज्ञानं 1980 मध्ये तिच्यावर स्वतंत्र लेखच लिहिला. पॅरासिटामॉल मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं असतं, आकडा खाली आणायला नव्हे. झोपलेल्या मुलाला उठवून औषध पाजायची तर गरज नसते. मात्र एक गोष्ट बघा: या औषधाची पातळ बाटली आपल्याकडे पाच मिलीत 125 मिलिग्रॅम आणि 250 मिलिग्रॅम अशी दोन्ही मिळते. मात्रा वजनावर ठरते. घाबरलेल्या घरात, एकानं पाजलं ते दुसऱ्याला न कळल्यानं, दुप्पट औषध जाऊ शकतं. बाटलीवरचा आकडा वाचा आणि औषध कुणी एकानंच द्या.

मग बघायचं काय? मूल. ते पाणी पितंय का, लघवी होतेय का, ताप थोडा उतरला की खेळतंय का. श्वास जोरात चालतोय का: एक ते पाच वर्षांच्या मुलाचा शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजलेला श्वास 40 किंवा त्याहून जास्त असेल, छातीखाली खड्डा पडत असेल, तर दवाखाना. उठवूनही नीट जागं होत नाही, मान ताठ आहे, सात-आठ तासांत लघवी नाही, दाबल्यावरही न जाणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर आले, सारख्या उलट्या होताहेत, तर वेळ न पाहता निघा. आणि पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, हे लक्षात असू दे: डेंग्यूत धोका बहुधा ताप उतरताना असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ताप उतरला, पण मूल मलूल आहे, पोट दुखतंय, उलट्या होताहेत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, तर थर्मामीटर 98 दाखवत असला तरी दवाखान्यात न्यायचं. तीन थर्मामीटर असलेलं घर नेमकं इथे फसतं, कारण आकडा खाली आला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात.

एवढ्या गोष्टींबाबत तुम्ही कितीही काळजी करा. कुणी अती म्हटलं तरी ऐकू नका. पण पावसात भिजणं, आइस्क्रीम, पोहणं या यादीवर फुली मारा. सर्दी विषाणूनं होते, आइस्क्रीमनं नाही. झटका पळण्यानं येत नाही.

लेकीशी बोलायला हवं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पावणेपाच वर्षांच्या मुलीला आपल्याबद्दल काहीतरी भयंकर आहे एवढं कळलेलं आहे, पण काय ते कुणी सांगितलेलं नाही. सांगा. ‘तू छोटी होतीस तेव्हा दोनदा ताप आल्यावर तुझं अंग थरथरलं होतं. थोड्या वेळानं थांबलं. लहान बाळांना कधीकधी होतं तसं. आता तू मोठी झालीस. पळल्यानं ताप येत नाही.’ एवढंच, आणि पोळ्या लाटता लाटता सांगा. समोर बसवून गंभीर चेहऱ्यानं नको. ती दहा वेळा विचारेल, दहा वेळा तेच उत्तर द्या. तिच्यादेखत ‘हिची प्रकृती तोळामासा’, ‘हिला सोसत नाही’, ‘आमची फार नाजूक आहे’ ही वाक्यं बंद. पाहुण्यांनाही बंद करायला लावा. शाळेत बाईंना सांगा की ती पायरीवर बसली तर आग्रह नको, पण तिला एखादं काम द्या: दोरीचं टोक धरायचं, चेंडू आणून द्यायचा. मुलं कामावरून हळूहळू खेळात सरकतात.

मिस्टरांचं वाचून मला गंमत वाटली नाही, रागच आला. दिवसातून चारदा फोन करणारा माणूस तुमच्याइतकाच घाबरलेला आहे. फक्त त्यानं आपली भीती तुमच्याकडे सांभाळायला दिली आहे, आणि वर ‘अती करतेस’ म्हणायची सोय ठेवली आहे. त्यांना सांगा, फोन एकच, दुपारचा, आणि त्यात पहिला प्रश्न तापाचा नको. लेक आजारी पडली तर एक रात्र तुमची, एक त्यांची. ज्या रात्री त्यांची पाळी, त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. झोप लागणार नाही, तरी उठून जाऊ नका. गजर एकदम बंद करवत नसेल तर आधी लेक बरी असलेल्या रात्रींचा बंद करा. आजारी असेल तेव्हा झोपायच्या आधी एकदा बघणं पुरे. महिनाभर हे करूनही छाती धडधडत जाग येत असेल, तीच रात्र डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाला भेटा. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. हा वेडेपणा नाही, मोठ्या धक्क्यानंतर मनाला होणारा त्रास आहे, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. नोकरीचंही बघा. लेकीसाठी सोडली म्हणता. पण दिवसभर तिच्या अंगाला हात लावून बघण्यावाचून दुसरं काम नसेल तर हात तिकडेच जाणार. अर्धवेळ मिळाली तरी घ्या.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्यावर रागावू नका. 1971 मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे 129 पहिल्या वाढदिवसाआधी दगावत. 2020 मध्ये हा आकडा 28 होता आणि महाराष्ट्रात 16. त्यांनी, किंवा त्यांच्या आईनं, घरातला पाळणा रिकामा झालेला पाहिलेला असू शकतो. आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवायचे, म्हणजे कुणाची नजर जायला नको. त्या काळात ‘एकावर भिस्त नको’ हा हिशेब होता. आज तो लागू नाही. महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं 1.7 आहेत, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, म्हणजे एक मूल असलेलं तुमचं घर काही जगावेगळं नाही. एकुलती मुलं लाडावलेली, एकलकोंडी होतात हा समजही टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट यांनी 1986 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून खोटा ठरवला आहे.

दुसरं मूल हवं असेल तर जरूर होऊ द्या, पण ते गाडीतली स्टेपनी नव्हे. मनातली भीती तशीच राहिली तर ती दोघांत वाटली जात नाही, दुप्पट होते. शिवाय झटक्याची प्रवृत्ती घराण्यातून येते, त्यामुळे धाकट्यालाही तो येण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त. सासूबाईंना सांगा, ‘आई, आम्ही ठरवू, आणि ठरवलं की तुम्हालाच पहिल्यांदा सांगू.’ आणि त्यांना एक काम द्या: आठवड्यातून दोन संध्याकाळी लेकीला घेऊन बागेत. त्या दीड तासात तुम्ही फोन करायचा नाही. दुसऱ्या मुलाचा विचार करायचाच असेल तर पावसाळ्यात, साथी सुरू असताना करू नका. दिवाळी होऊ द्या, झोप भरून निघू द्या, मग दोघं बसून बोला.